चेहरा एकीचाच

"वळायचं नाही!" बाप गरजला. खिडकीकडे निघालेली आई थबकली.

खाली फाटकाशी लेक उभी होती. कडेवर तान्हं पोर. वेल्डरशी लग्न केलं म्हणून बापाने तिला हाकललं होतं. तिचे फोटो फाडले, कपडे वाटून टाकले. घरात तिचं नाव काढायची बंदी. आज ती नवऱ्यासोबत कायमची परदेशी निघाली होती. जाता जाता आईला नातू दाखवायला आली होती. गाडी घरघरत थांबली होती.

बाप निवृत्त मुख्याध्यापक. शाळा सुटली, छडी सुटली नाही. त्याने भिंतीवरच्या चित्रावर बोट आपटलं. पणजोबांच्या वेळचं शाईचं चित्र, तपकिरी पडलेलं. बायबलातला प्रसंग. पापी गाव पेटलंय. लोट बायको आणि दोन पोरींना घेऊन पळतोय. मागे पाहू नका, अशी देवाची आज्ञा. बायकोने पाहिलं.

"काय झालं तिचं?" त्याने वर्गात विचारावं तसं विचारलं.

"मिठाचा खांब."

"मग? व्हायचंय?"

आईने या चित्राची धूळ जन्मभर पुसली होती. आज तिने ते पाहिलं.

"अहो, लोटाचे जावई गावातच राहिले म्हणता ना?"

"राहिले. देवाचा इशारा चेष्टा वाटला त्यांना. मेले."

"मग त्यांच्या बायका? त्या थोरल्याही या बाईच्याच लेकी ना? आई मागे नाही बघणार तर कुठे बघणार?"

"तुला अक्कल..."

"आणि हे बघा. नवरा पाठमोरा. धाकट्या पोरी पाठमोऱ्या. काढणाऱ्याने चेहरा एकीलाच दिलाय. वळली तिला."

मुख्याध्यापक ओरडला. असली माणसं दुसरं काय करतात?

खाली हॉर्न वाजला.

आई जिना उतरली. एक चप्पल पायात, दुसरी पायरीवरच राहिली. "थांब गं!" अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. खिडक्या उघडल्या. उघडू देत. वरच्या एका खिडकीत तेवढी पाठ दिसत होती, इस्त्रीच्या सदऱ्यातली.

नातवाने आजीचं नाक पकडलं. लेकीने आईच्या ओल्या गालावर ओठ टेकले, जीभ फिरवली आणि खदखदून हसली.

"आई, झालीस की गं मिठाची!"