समोरचं हॉटेल

बाळासोंनी हॉलमधली एक खुर्ची ओढली, टेकले, पुन्हा उठले आणि म्हणाले, "समोरच्या हॉटेलात खुर्च्या जरा मऊ हायत."

हॉटेलात लग्नांचं काम बघणारी संघप्रिया हसली. हसण्याचाच पगार घेत होती ती. "गाद्या बदलून देऊ की, काका."

बाळासो आणि मीनाबाई हे जोडपं आठवड्यात तिसऱ्यांदा आलं होतं. एकुलत्या एका मुलाचं लग्न आहे, शाहूपुरीत पाहुण्यांकडे उतरलोय, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. आडनाव, गाव विचारलं की बाळासोंचं उत्तर ठरलेलं, "आधी जागा तर पसंत पडू दे."

'राजवैभव' हॉटेलच्या अगदी समोर 'एमराल्ड कोर्ट' उभं राहिल्यापासून कोल्हापुरातल्या बड्या लग्नांची नुसती ओढाताण चालली होती. इकडे झुंबर लागलं की तिकडे कारंजं. या हंगामातली मोठी लग्नं तिकडेच गेली होती. आज सकाळीच मॅनेजर यज्ञेश्वर सरांनी संघप्रियाला बोलावून सांगितलं होतं, "हे लग्न आपल्याकडं आलं तर तुला कायम करायचं मी वर बोलतो. गेलं, तर माझ्या हातात काही नाही."

कायम व्हायलाच हवं होतं तिला. पृथ्वीराज दोन वर्षं 'घरी बोलतो, घरी बोलतो' म्हणत होता. पोरगा सोन्यासारखा, पण आई-वडिलांपुढे त्याची दातखीळ बसायची. त्याच्या भरवशावर राहण्यापेक्षा निदान नोकरी तरी पक्की असावी, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

मीनाबाई झुंबराकडे बघतसुद्धा नव्हत्या. त्यांचे प्रश्नच वेगळे.

"लग्नाच्या दिवशी तुमी जेवता कवा?"

"पाहुणे गेले की, काकू."

"म्हंजे तवर उपाशीच?"

"सवय झालीय."

मीनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. बाळासोंनी खिडकीतून समोरचं हॉटेल न्याहाळलं. संघप्रियाने घाईघाईने त्यांना जेवणाची चव बघायला बसवलं.

तांबडा आला, पांढरा आला, भाकरी आली.

"तुमी बी बसा," मीनाबाई म्हणाल्या.

"आम्हांला चालत नाही, काकू."

"आमास्नी चालतंय. बसा."

ती अवघडून खुर्चीच्या कडेवर बसली. मीनाबाईंनी आपल्या ताटातली भाकरी मोडली आणि अर्धी तिच्यापुढे ठेवली. बाळासोंनी स्वतःच्या हाताने तिला रस्सा वाढला. असली माणसं रोज भेटत नाहीत. नोकरीचं विसरून ती घटकाभर पोटभर जेवली.

हात धुऊन बाळासो आले. घसा खाकरला. "जेवण तुमचंच झकास. हॉल बी तुमचाच मोठा. पण आमी समोरचंच धरायचं ठरवलंय."

यज्ञेश्वर सर काचेपलीकडून बघत होते. संघप्रियाचे डोळे भरून आले आणि तिला स्वतःचाच राग आला. पण हसायला हवं होतं, म्हणून ती हसली.

"हरकत नाही, काका. आमचं काही चुकलं का, तेवढं सांगाल?"

बाळासोंनी बायकोकडे बघितलं. "आता तूच सांग."

मीनाबाई उठल्या. तिच्याजवळ आल्या आणि तिचे दोन्ही हात त्यांनी आपल्या हातांत घेतले.

"तुजं काय बी चुकलं न्हाई, पोरी. उद्या आमी तुज्या घरी येतोय, आई-वडलांस्नी तेवढं सांगून ठेव. पृथ्वीराज म्हणाला, हितं लगीन ठेवलं तर तू हळदीच्या अंगानं बी वाढप्यांच्या मागं पळत सुटशील."