बिनतोंडाचा हंडा

घरातला एकुलता एक हंडा साचा काढायला म्हणून शिल्पं करणारा दीर गोरख मुंबईला घेऊन गेला, तेव्हापासून रंगुबाईचं डोकं तापलेलं होतं. ऐन बहात्तरच्या दुष्काळात आपण हंडा देऊन बसलो, म्हणून ती स्वतःलाच शिव्या घालत होती. पंधरा दिवसांनी गोरख जामखेडच्या एस.टी.तून उतरला, तो पिवळाधमक फायबरचा हंडा कवटाळून.

"माझा हंडा कुठाय, भावजी?"

"तो साचा काढताना चिरला, वहिनी. पण हे शिल्प बघा! तुमच्याच हंड्यावरून केलंय."

रंगुबाई आत हात घालायला गेली, तर तोंड बुजवलेलं. "ह्यात पानी कुठून भरायचं?"

"भरायचं नाही. हा नुसता बघायचा. असे जगात सातच आहेत!"

रंगुबाईनं कपाळावर हात मारून घेतला. पण दुसऱ्या दिवशी टँकर यायचा होता, आणि रांगेत हंडा ठेवल्याशिवाय नंबर लागत नव्हता. तिनं तोच पिवळा हंडा नेऊन रांगेत ठेवला. पाळी आली की शेजारणीची घागर मागून घेता येईल. गोरख "वहिनी, ओरखडे पडतील!" करत मागं मागं.

दिवस मावळला तरी टँकर आला नाही. पार मारुतीच्या देवळापर्यंत गावाचे रिकामे हंडे तसेच उभे. गोरख आपल्या हंड्यावरची धूळ पुसत होता.

"नुसते बघायचे हंडे जगात सातच म्हनला व्हता न्हवं, भावजी?" रंगुबाई कडाडली. "मोजा आता!"