बोलनळी

जहाज भंगारात निघालं तेव्हा कॅप्टन ट्रेगार्थनं त्यावरची पितळी बोलनळी, म्हणजे वरून खाली हुकूम सांगायची नळी, मागून घेतली आणि पोर्ट्समथच्या घरी दिवाणखान्याच्या भिंतीवर लावली. तिचं दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं.

युद्धात जहाजाच्या तळाशी पाणी शिरलं, तेव्हा याच नळीतून त्यानं हुकूम सोडला होता, "दारं बंद करा." खाली भट्टीवर असलेल्या मॅडकनं आरमाराच्या रिवाजाप्रमाणे तो जसाच्या तसा परत म्हणून दाखवला आणि लोखंडी चाक फिरवून दारं आतून लावून घेतली. जहाज वाचलं, मॅडक आतच बुडाला. कॅप्टनला पदक मिळालं.

आज चहा घेताना तो बायकोला म्हणाला, "हेस्टर, खिडकी लाव गं. वारा झोंबतोय."

"खिडकी लाव गं. वारा झोंबतोय," नळीतून मॅडकचा घोगरा आवाज आला.

हेस्टर हसली. "अहो, म्हातारपणी आवाज काढायला लागलात की काय?"

कॅप्टन कप खाली ठेवून नळीपाशी गेला. नळीत कुणीतरी पुढच्या हुकमाची वाट पाहत होतं. इतकी वर्षं जो दिला नव्हता, तोच त्याच्या तोंडून निघाला.

"मॅडक, दारं उघडा."

"दारं उघडा," नळी आदबीनं म्हणाली.

आणि कोरड्या भिंतीच्या आत एक गंजलेलं लोखंडी चाक सावकाश फिरू लागलं.