चिखल फेकणारा टायर

"अहो, हा टायर नाही, हा नांगर आहे," ती म्हणाली आणि टायर दुकानदाराकडे परत ढकलला.

दुकानदार हसला. नवरा हसला नाही, कारण तो टायर त्यानेच निवडला होता. दुकानातला सगळ्यांत मोठ्या दातांचा. दात कसले, बोटभर उंच रबरी ठोकळेच.

"काकू, चिखल म्हटलं की हाच. गाळ फाडत जातो."

नवऱ्याने मान डोलावली. मागच्या वर्षी झिजलेल्या टायरांमुळे त्यांची चार चाकांची क्वाड बाइक ओढ्याच्या चिखलात रुतली होती. मागे लादलेल्या मधमाश्यांच्या पेट्यांची दारं प्रवासासाठी बंद केलेली. गाडी निघेपर्यंत ऊन चढलं आणि चारांपैकी दोन पेट्यांतल्या माश्या गुदमरून मेल्या. आता दोनच पेट्या उरल्या होत्या, आणि डोंगरावरच्या बागेत फुलोरा सुरू झाला होता.

"आपल्या वाटेवर चिखल किती?" तिने विचारलं.

"ओढ्यापाशी. दोनशे पावलं असेल."

"आणि बाकीची वाट?"

"बाकीची टणक आहे."

"किती टणक?"

तो डोकं खाजवू लागला.

"तुमच्या डोक्याइतकी," तिनेच उत्तर दिलं. "त्या वाटेवर तासभर हा टायर पेट्या खडखडवत नेणार. आतलं पोळं मोडणार. आणि राणी चिरडली, तर मग अंडी कोण घालणार? तुम्ही?"

दुकानदाराला एकदम नटबोल्टच्या खणात काहीतरी शोधावंसं वाटलं. तोंड सरळ करून तो वळला आणि त्याने बारीक नक्षीचा एक टायर पुढे केला. "मग हा न्या. टणक वाटेवर लोण्यासारखा चालतो."

"आणि चिखलात साबणासारखा."

मग तिने कुणालाच विचारलं नाही. भिंतीला टेकवलेला एकेक टायर ती काढू लागली, सिमेंटच्या फरशीवरून घरंगळत सोडू लागली, आणि मान कलती करून त्याचा आवाज ऐकू लागली. काही टकटक वाजत गेले. ते तिने पुन्हा उभेही केले नाहीत. जे गुणगुणत गेले, त्यांच्या दातांमधल्या फटींत ती दोन बोटं घालून बघत होती.

नवऱ्याला ती बोटं ओळखीची होती. पेटीतल्या दोन चौकटींमधली जागा ती अशीच बघायची. जागा कमी पडली तर माश्या ती चिकटवून टाकतात, जास्त झाली तर भलतीकडे पोळं बांधतात. तिने कधी पट्टी लावली नाही आणि ती कधी चुकली नाही. पण ते लाकूड होतं. हे रबर.

"काकू, टायर दातांवरून बघतात," दुकानदार म्हणाला.

"दात सगळेच बघतात. चिखल फटीत अडकतो."

शेवटी ती एका टायरापाशी थांबली. मध्यम दात. मधोमध अगदी जवळजवळ, दोन्ही कडांना लांब लांब.

"हा कुणी नेत नाही," दुकानदार म्हणाला. "धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही."

"आमची वाट तरी कुठे एकीकडची आहे? असेच चार काढा."

नवऱ्याने तिला बाजूला घेतलं. "अगं, रुतली तर?"

"रुतली, तर पुढच्या वर्षी टायर तुम्ही आणा."

पुढच्या वर्षी टायर आणून त्यावर न्यायचं काय, हे त्याने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ते निघाले. ती पुढे, तो तिच्यामागे, आणि त्याच्या पाठीशी दोन बंद पेट्या. टणक वाटेवर त्याने एक हात मागे नेऊन पेटीवर ठेवला. आतली घुमघुम तळव्याला लागत होती, ना वाढत होती, ना कमी होत होती. तासाभरात त्याला एकदाच दचका बसला, तोही ती शिंकली म्हणून.

ओढ्यापाशी तो उतरला. गाडी हलकी व्हावी म्हणून मागून चालू लागला. निम्मा चिखल पार झाला आणि गाडी थांबली. चाकं जागच्या जागी फिरू लागली. दातांमध्ये गाळ भरला, टायर गुळगुळीत दिसू लागले. मागच्या वर्षी असंच झालं होतं. डोंगराच्या कडेवर ऊन आलं होतं.

"मी ढकलू का?"

"थांबा हो!"

तिने घाई केली नाही. गाडी जराशी मागे घेतली, मग पुढे. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. आणि एक ओला गोळा फटकन त्याच्या छातीवर बसला. दुसरा कानावर. तिसरा थेट तोंडावर. मग मोजायची सोयच राहिली नाही. प्रत्येक फेऱ्यात फटी रिकाम्या होत होत्या, दात उघडे पडत होते आणि जमीन धरत होते. गाडी वीतभर सरकली, हातभर सरकली आणि गुरगुरत काठावर चढली.

"फेकतोय!" तो चिखलात उभा राहून ओरडला. "अगं, फेकतोय! सगळा फेकतोय!"

तोंडाला चिखल फासला गेल्यावर इतका खूश झालेला माणूस तिने पाहिला नव्हता.

बागेत पोचल्यावर तिने एका पेटीच्या झाकणाला कान लावला, मग दुसऱ्या पेटीच्या. दोन्ही दारं उघडली. आधी एक माशी बाहेर आली, फळीवर दोन पावलं चालली, उडाली. मग पाच-सहा. मग दोन्ही दारांतून नुसती रीघ लागली आणि पांढऱ्या फुलोऱ्यात शिरली.

तो शर्टाची बाही झटकायला गेला.

"हात हलवू नका," ती म्हणाली.

एक माशी त्याच्या बाहीवरच्या ओल्या चिखलावर बसून पाणी पीत होती. तेवढ्यात दुसरी आली. मग तिसरी खांद्यावर उतरली. त्याने हळूच दुसराही हात पसरला आणि तसाच उभा राहिला.