अरुंद टायर

बाबांच्या जुन्या गाडीला टायर निवडताना माझ्या नाकी नऊ आले. आधी चांगले रुंद घेतले, तर सकाळी चारही चाकांची हवा गेलेली. टायरवाल्याने ट्यूब पाण्यात बुडवून पाहिल्या, पण एक बुडबुडा आला नाही. "गाडी रुसलीय तुमची," तो म्हणाला. दुसरे रुंद घेतले, त्यांचीही तीच गत.

"ह्यांना रुंद टायर कधीच आवडले नाहीत," आई म्हणाली. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं.

शेवटी जुन्या मापाचे, अरुंद टायर मागवले. नव्या टायरांवर भार नको म्हणून गाडी चार जॅकवर अधांतरी ठेवली, गॅरेजला कुलूप लावलं आणि किल्ल्या उशाखाली घेऊन झोपलो.

सकाळी चारही टायर टणक होते. माझा जीव भांड्यात पडला. कौतुकाने हात फिरवला, तर गुळगुळीत लागले. नव्या टायरवर रबराचे बारीक काटे असतात, गाडी रस्त्यावर फिरली की झिजतात. काल ते बोटांना टोचत होते.

आई दारात आली. वाऱ्याने विस्कटलेले केस सारखे करत होती.

"पसंत पडले एकदाचे," ती म्हणाली. "किती दिवसांनी मोकळं वाटलं रे."