नवे टायर

वडसा गावातल्या दुकानात गाडीला नवे टायर बसवून निकेश घराकडे निघाला, तेव्हा ज्योत्स्ना शेजारी बसली होती. जुने टायर जंगलातल्या वाटांसाठी घेतलेले, जाड आणि खोल खाचांचे. खड्ड्यात गेले की तिच्या कमरेतून कळ निघायची आणि डांबरी रस्त्यावर ते सारखे घोंगावत राहायचे. आता गाडी अशी चालली होती की पोटातलं पाणी हलत नव्हतं.

"वळणावर बी कशी हातात राह्यते पाह्य," निकेश खुशीत म्हणाला.

"जुनेच चांगले होते."

"काऊन? तुह्याच कमरेसाठी बदलवले ना मी."

ज्योत्स्नानं कमरेवर हात ठेवला. कंबर खरंच दुखत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन बाहेर पडल्यावर तिनं मागच्या दारात बसून आईला फोन लावला. माहेराशी बोलायचं नाही, असं निकेशनं लग्न झाल्यावरच बजावलं होतं. पण आजवर गाडी नाल्याच्या पुलावर आली की टायरांची घरघर घरापर्यंत यायची. तेवढ्या वेळात ती फोन ठेवायची, नंबर पुसायची आणि चुलीवर चहा मांडून मोकळी व्हायची.

"येत तं नाई ना तो?" आईनं नेहमीसारखं विचारलं.

ज्योत्स्नानं पुलाकडे कान लावला. रस्ता अगदी शांत होता.

"आता समजत नाई, माय," ती म्हणाली, आणि फोन ठेवून चहा मांडायला उठली.