परतीचे मासे

वीणाने चमचा पुन्हा पुढे केला. बाबांनी पुन्हा मान फिरवली.

"एक घास, बाबा. कालपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही तुमच्या."

"नको गं. जात नाही."

आई गेल्यावर वीणाने वडिलांना, श्यामकांतांना, हर्णैहून परदेशात स्वतःकडे, कीलला आणलं. तीन महिन्यांच्या व्हिसापासून परतीच्या तिकिटापर्यंत सगळं तिनेच पाहिलं. सुरुवातीला ते हौसेने बंदरावर फिरायचे, शेजारणीला मराठीतच नमस्कार करायचे. नोव्हेंबर लागला आणि जेवण तुटत गेलं. आता शर्ट खांद्यावरून ओघळत होता. हाउसआर्त्स्टने, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरने, सगळ्या तपासण्या केल्या. काहीच सापडलं नाही. काल वीणा बाथरूमचा नळ सोडून रडली होती.

"आज कुठले मासे उघडलेस?" बाबांनी विचारलं.

तिला धीर आला. समुद्रातले मासे काय खातात, हे ती तिथल्या सागरी संशोधन संस्थेत त्यांची पोटं उघडून पाहायची. बाबांचा जन्म बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात गेलेला. माशांचं बोलणं निघालं की त्यांना भूक लागायची.

"सॅमन, बाबा. पार नॉर्वेच्या वरच्या थंड समुद्रातले. पोटं गच्च! बारीक रुपेरी मासे, शिवाय आपल्या जवळ्यासारखे इवले जीव. ते खाऊनच त्यांचं मांस गुलाबी होतं. दुसरं कामच नाही, नुसतं खायचं."

"आणि मग?"

"मग जन्मल्या नदीकडे परततात. नदीत शिरले की अन्नाला शिवत नाहीत. पोट रिकामं, तरी पोहत..."

वीणा बोलता बोलता थांबली. तिने वाटी खाली ठेवली.

"बाबा, तुम्हाला घरी जायचंय. मला मेलीला कसं कळलं नाही? आत्ता तिकीट बदलते. याच आठवड्यात निघू, मी येते सोडायला."

ती लॅपटॉप उघडायला लागली. बाबांनी तिचा हात धरला.

"नको, वीणा. घर विकलं मी. इकडे यायच्या आधीच."

"विकलं? अहो पण का?"

"तू आता परत यायची नाहीस म्हणालीस ना." ते खाली बघत राहिले. "मला वाटलं, लेकीच्या घरी कायमचं राहायला परवानगी लागत नसेल."